प्रार्थनेचा चौथा विषय

नीलाच्या घराला लोखंडी फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं आणि ते कुलूप बाहेरून लागायचं. सकाळी आठला लागायचं, दुपारी एकला निघायचं. किल्ली तिच्या नवऱ्याच्या, विवेकच्या खिशात. आता यावरून कोणी विवेकबद्दल भलतासलता समज करून घेऊ नये. बायकापोरांना डांबून ठेवणारा माणूस तो नव्हताच. साऱ्या ख्रिस्ती मंडळीत त्याच्याइतका मऊ बोलणारा पाळक, म्हणजे पाद्री, शोधून सापडला नसता. त्याचं म्हणणं एवढंच, की बाहेरून कुलूप दिसलं की घरात कोणी नाही असं समजून लोक परत जातात आणि आत पोरांची शाळा निवांत चालते. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने लावलेलं कुलूप उघडायला सगळ्यात अवघड असतं, हे आठ महिन्यांत नीलाला पुरतं कळून चुकलं होतं.

विवेक मूळचा इथलाच, सौंदडचा. बौद्ध घरातलं शेंडेफळ. नागपूरला वसतिगृहात राहून शिकताना तो ख्रिस्ती झाला, पुढे नगरच्या नीलाशी त्याचं लग्न झालं आणि वर्षभरात मंडळीने दोघांना सेवेसाठी मलावीला पाठवलं. तिथे सोळा वर्षं गेली. दोन्ही पोरं तिथलीच. गेल्या डिसेंबरात मंडळीला वाटलं, विवेकने आता आपल्याच मुलखात काम करावं. विवेकला आनंद झाला. पोरांना कोणी विचारलं नाही. बापाचं गाव असलं तरी पोरांना तो परदेशच. पंधरा वर्षांच्या तबीथाला आणि तेरा वर्षांच्या अमोसला मलावीतली चिचेवा भाषा यायची, इंग्रजी यायचं आणि आईचं नगरी मराठी यायचं. शेजारची चंदा फाटकाशी येऊन "काऊन बसून राहिली वो घरात?" म्हणाली, की दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

जानेवारीत विवेक गावच्या हायस्कुलात जाऊन आला होता. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, मलावीचे दाखले बघून पोरीला नववीत बसवू, पोराला सातवीत. विवेक घरी आला आणि पोरं घरीच शिकतील असं त्याने जाहीर केलं. कारणं तो तीन सांगायचा. पोरांचं वर्ष मागे पडेल. मलावीत परदेशी मिशनरी आपल्या पोरांना घरीच शिकवत आणि ती पोरं काही वाया गेली नव्हती. आणि शाळेत पोरांना कोणी घरच्या प्रार्थनेबद्दल खोदून खोदून विचारील, मग गावात नसता बोभाटा होईल. चौथं कारण तो सांगत नसे. ते कारण दोन गल्ल्या सोडून राहत होतं आणि त्याचं नाव होतं ताराचंद.

ताराचंद विवेकचा थोरला भाऊ. याच हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला; आत्ताचे मुख्याध्यापक त्याच्याच हाताखाली शिकलेले. भाऊ ख्रिस्ती झाला तेव्हा ताराचंदने अवाक्षर काढलं नव्हतं. पण घरच्या शाळेची गोष्ट कानावर गेली तसा तो तडक येऊन फाटकासमोर रस्त्यावर उभा राहिला आणि चार लोकांत म्हणाला, "आपल्या बापानं उपाशी राहून आपल्याले शाळंत घातलं. अन् तू पोरायले घरात कोंडून राहिला? कायले शिकला मंग तू?"

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. विवेक मऊ माणूस, पण ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. त्या शाळेत पोरांचं नाव घालायचं म्हणजे ताराचंदचं खरं झालं असं गावासमोर कबूल करायचं. ते तो मेला तरी करणार नव्हता.

मग घरची शाळा सुरू झाली. पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून दोन टेबलं, मध्ये प्लायवुडची आडभिंत. पुस्तकांचं खोकं नगरहून आलं. पोरांनी आपापलं वाचायचं, आपापलं सोडवायचं. अडलं तर टेबलावरच्या लाकडी ठोकळ्यात छोटा कागदी झेंडा खोचायचा, मग आईने यायचं. आई म्हणजे बाई. बारावीनंतर पुस्तकाशी संबंध न आलेल्या बाईला बीजगणित शिकवायला लावलं तर जे व्हायचं तेच झालं. उत्तरांची पुस्तिका नीलाने तांदळाच्या डब्यात लपवली होती. पहाटे उठून ती दिवसाची उत्तरं पाठ करायची आणि सकाळी शहाण्यासारखी उभी राहायची. सोंगं सगळी आणता येतात, पण बाईंचं सोंग पंधरा वर्षांच्या पोरीपुढे दोन दिवसही टिकत नाही. तबीथाने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. ओळखून ती गप्प बसली, हे नीलाला जास्त लागलं.

जुलैत, गावात धानाची रोवणी चालू असताना, एके दिवशी सकाळीच तबीथाने झेंडा खोचला. नीला गेली.

"काय अडलं?"

तबीथाने वही पुढे केली. वही कोरी होती.

"ममा, मी बोलायचं विसरत चाललेय," तबीथा म्हणाली. "काल चंदा काकींनी फाटकातून नाव विचारलं आणि मला माझंच नाव सांगायला वेळ लागला. अमोसशी भांडणसुद्धा होत नाही आता. मला शाळेत जायचंय. सातवीत बसवा, पहिलीत बसवा, कुठेही बसवा."

नीलाने झेंडा काढला, टेबलावर आडवा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन लाखोळीची डाळ निवडायला घेतली. डाळ कालच निवडून झालेली होती. पोरीच्या या अडण्याचं उत्तर तांदळाच्या डब्यातल्या पुस्तिकेत नव्हतं. मलावीत ती बायकांना शिवणकाम शिकवायची, बाजारात भाव करायची, बसने चार-चार तास एकटी जायची. इथे फाटक आणि मोरी यांच्यामध्ये एकोणतीस पावलं होती. दुपारी कुलूप निघालं तरी बाजारहाट विवेकच करून आणायचा. पोरीचं दुःख तिला समजत होतं, कारण ते तिचंही होतं. फक्त पोरीला पंधराव्या वर्षी जे बोलता आलं ते तिला चाळिशीतही जमत नव्हतं.

तरी तिने विवेकपाशी विषय काढला. जुलैत काढला, ऑगस्टमध्ये काढला. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला होता, की तीस सप्टेंबरला शाळेचा पट ठरतो, त्यानंतर नाव चढणार नाही. तेही तिने सांगितलं.

विवेक म्हणाला, "आता कसं बदलणार, नीला? पत्रात लिहून झालंय. लोक त्यासाठी प्रार्थना करतायत."

पत्र म्हणजे दर महिन्याच्या एक तारखेला जाणारं प्रार्थनापत्र. नगर, नागपूर, मुंबई, मलावी असे मिळून चाळीस-बेचाळीस घरांना आणि मंडळ्यांना ते मोबाइलवर जायचं. त्यात आधी महिन्याची हकिकत आणि शेवटी प्रार्थनेचे पाच विषय. पहिला गावासाठी, दुसरा सेवेसाठी, तिसरा विवेकसाठी, चौथा पोरांसाठी, पाचवा नीलासाठी. पाचवा गेली सोळा वर्षं एकच होता: नीलाच्या प्रकृतीसाठी. एकदा मलावीत झोंब्याला असताना तिला मलेरिया झाला होता, तेव्हा तो लिहिला गेला आणि मग कोणी काढलाच नाही. विवेक खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचा, नीला टाइप करायची, आणि तो म्हणायचा, "पाठव." वाचून कधी बघायचा नाही. बायकोवर त्याचा एवढा विश्वास होता.

पत्रात लिहिलेलं बदलता येत नाही, हे विवेकनेच तिला शिकवलं. तिने तेवढं लक्षात ठेवलं.

सप्टेंबरच्या एक तारखेला विवेकने चौथा विषय सांगितला: "तबीथा आणि अमोस यांची घरच्या अभ्यासातली गोडी वाढावी म्हणून." नीलाने टाइप केलं: "तबीथा आणि अमोस यांना तीस सप्टेंबरच्या आत गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून." 'प्रवेश' तीनदा चुकला.

"पाठव," विवेक म्हणाला. तिने पाठवलं.

दोन दिवसांनी बुधवार. दर बुधवारी संध्याकाळी सातला सगळी घरं फोनवर एकत्र येत आणि पत्रातले विषय एकेकजण प्रार्थनेत घेई. प्रार्थना संपली की विवेकने मोठ्याने आमेन म्हणायचं, मग बाकीच्यांनी. तसा शिरस्ता होता. विवेक डोळे मिटून बसला होता, फोन स्टुलावर. चौथा विषय धुरपता मावशींकडे आला. धुरपता मावशी नगरच्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, साखरेच्या पेशंट, आणि प्रार्थनेला बसल्या की देवाला चार गोष्टी सुनावल्याशिवाय न उठणाऱ्या.

"प्रभो," मावशी म्हणाल्या, "आमची पोरं परमुलखातून आली. त्यांना दप्तर पाहिजे, वर्ग पाहिजे, सोबती पाहिजेत. तीस तारखेच्या आत त्यांचं नाव शाळेत चढव. तुला काय अवघड आहे?"

विवेकने डोळे उघडले. नीलाने मिटून घेतले. फोनवर बेचाळीस घरं आमेनची वाट बघत होती; कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी खोकलं. पोरं दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती.

"आमेन," विवेक म्हणाला.

फोन बंद झाल्यावर त्याने तो स्टुलावर पालथा ठेवला. मग पोरांना आत जायला सांगून म्हणाला, "माझ्या नावाने लिहिलंस, नीला."

"हो."

"दुरुस्ती पाठव. आत्ता."

"पाठवते. काय लिहू?" तिने फोन हातात घेतला. तिला रडू येत होतं आणि ते ती येऊ देणार नव्हती. "ही प्रार्थना करू नका, असं लिहू?"

विवेक येरझाऱ्या घालायला लागला. सोळा वर्षांत त्याने लोकांना प्रार्थना करा म्हणून विनवलं होतं. करू नका म्हणून कधीच सांगितलं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्याच्याच बायकोने खणलेल्या. दुरुस्ती गेली नाही. पण शाळेचं नावही त्याने काढलं नाही. पत्रात काय गेलं ते गेलं, देवाच्या मनात असेल तर तो करील, असं म्हणून तो मोकळा झाला आणि सकाळी आठला नेहमीप्रमाणे कुलूप लावून निघून गेला. नीलाला वाटलं, संपलं. तिने जन्मात एकदा धाडस केलं आणि तेही वाया गेलं.

ते वाया जाऊ दिलं नाही धुरपता मावशींनी. दहा तारखेच्या बुधवारी त्यांनी जाहीर केलं, की पोरांचं नाव चढेपर्यंत त्या एकभुक्त राहणार. विवेकने घाबरून फोन केला. मावशी, तुमची साखर, असं करू नका. मावशी म्हणाल्या, "अरे बाबा, विषय तुझाच ना? नाव चढलं की जेवते." सतराला विवेकने पुन्हा आमेन म्हटलं. चोवीसला म्हटलं तेव्हा त्याचा आवाज फाटला. त्याच रात्री जेवणं होईतो मावशींच्या सुनेचा फोन आला: सासूबाईंना घेरी आली, ओट्यावर पडल्या, डॉक्टर ओरडले, तरी ऐकत नाहीत. भावजी, तुमच्या शाळेचं लवकर काय ते करा.

विवेकने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नीलाला त्याची दया आली, खरीखुरी आली. तरी ती त्याच्याजवळ गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला विवेकने कुलूप लावलं नाही. "चल," तो नीलाला म्हणाला. दोघं दोन गल्ल्या चालून गेले. आठ महिन्यांत नीला गल्लीतून पायी अशी पहिल्यांदाच जात होती. गल्लीमागच्या शेतांच्या बांध्यांत धान पोटरीला आलं होतं आणि फाटकाशी आलेली चंदा सोडली तर एकही चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता.

ताराचंद पडवीत पेपर वाचत बसला होता. मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. भावाला बघून त्याने चष्मा काढला.

"काऊन आला?"

विवेक उभाच राहिला. "दादा, पोरायचं नाव घालाचं हाय शाळंत," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून नीलाने त्याला ही बोली बोलताना ऐकलं नव्हतं.

आता ताराचंद काय काय बोलेल, याची नीलाने मनाशी तयारी केली होती. त्याने काहीच सुनावलं नाही. उठून आत गेला आणि एक फाइल घेऊन आला. फाइलीत प्रवेशाचे दोन अर्ज होते, ताराचंदच्या गोल, ठळक अक्षरात भरलेले. पोरांची नावं, बापाचं नाव, आईचं नाव, पत्ता. वर तारीख जानेवारीची.

"तवाच भरून ठेवले," ताराचंद म्हणाला. "जन्मतारखा तेवढ्या मालूम नोत्या मले. सख्ख्या पुतण्यायच्या. सांग."

विवेकने सांगितल्या. ताराचंदने त्या लिहिल्या, विवेककडून सह्या घेतल्या आणि म्हणाला, "शाळा साडेदहाले भरते. उद्या मी घेऊन जातो त्यायले. तू नको येऊ." विवेकला खाली मान घालायला लागू नये म्हणून तो असं म्हणाला, हे नीलाला घरी पोचल्यावर समजलं.

शुक्रवारी तबीथा नववीत बसली, अमोस सातवीत. तबीथा घरी आली ती बोलतच आली. मोनाली नावाच्या पोरीने डब्यातली अर्धी भाकर दिली, सोडायला आलेल्या मोठेबाबांना अख्खी शाळा वाकून नमस्कार करते, आणि एका पोराने "तू कोणत्या देशाची वो?" म्हणून विचारलं तर तिने "सौंदडची" म्हणून सांगितलं. नीलाने तिला पोटाशी धरलं आणि मनसोक्त रडून घेतलं. धुरपता मावशींनी त्याच संध्याकाळी दोन वेळचं जेवण सुरू केलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पोरांचं भलं झालं, भाऊ भावाशी बोलला, म्हातारी जेवली. पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आणि शेपटाला लटकलेली होती नीला.

सोमवारी पोरं साडेदहाला शाळेत गेली, विवेक सेवेला गेला. फाटक सताड उघडं होतं. कुलूप खिळ्याला टांगलेलं. नीला फाटकापर्यंत गेली. रस्त्यावरून कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला, स्टेशनात गाडी येऊन थांबल्याचा भोंगा वाजला. कुठे जावं, हे तिला सुचेना. ती एकोणतीस पावलं मागे आली आणि मोरीशी उभी राहिली. मंगळवारीही तसंच झालं. कुलूप होतं तोवर निदान कुलपावर रागावता येत होतं.

ऑक्टोबरची एक तारीख बुधवारीच आली. सकाळी विवेक पत्र सांगायला लागला. हकिकतीत देवाने प्रार्थना ऐकली, पोरं शाळेत रमली, असं सगळं आलं. मग विषय. पाचवा आला.

"नीलाच्या प्रकृतीसाठी," विवेक म्हणाला.

तिने टाइप केलं. त्याने हात पुढे केला. "दे, वाचून बघतो." मऊपणानेच म्हणाला. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि स्वतःच पाठवून दिलं. सोळा वर्षांचा विश्वास तिने एका ओळीत खर्च केला होता, आणि आता यापुढे प्रत्येक ओळ तो वाचणार होता. पोरीसाठी दार उघडताना तिने स्वतःसाठी असलेली एकुलती एक फट बुजवून टाकली होती. तिला पश्चात्ताप होत नव्हता. पण जीव घुसमटत होता.

संध्याकाळी सातला फोन लागला. पोरं अभ्यासाला बसली होती, आडभिंत काढून एकाच टेबलावर. चौथ्या विषयावर सगळ्यांनी उपकारस्तुती केली. पाचवा पुन्हा धुरपता मावशींकडे आला.

"प्रभो, आमच्या नीलाची प्रकृती सांभाळ. तिला अंगात ताकद दे..."

"मावशी," नीला म्हणाली.

प्रार्थना मध्येच तोडायची नसते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. विवेकने डोळे उघडले.

"मावशी, माझी प्रकृती ठणठणीत आहे. गेली पंधरा वर्षं मला साधा तापसुद्धा आलेला नाही. ते मागू नका."

फोनवर कोणीतरी घसा खाकरला. मग मावशी म्हणाल्या, "मग काय मागू गं, पोरी?"

नीला फोनकडे वाकली. तबीथा लिहायची थांबून तिच्याकडे बघत होती. एवढी वर्षं लोक तिच्यासाठी मागत आले, आणि काय मागू असं आज पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. तिने फाटकाबाहेरचा रस्ता आठवून बघितला. तो कुठे जातो, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

"मला माहीत नाही, मावशी," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "पण तुम्ही थांबा. मी सांगते."

बेचाळीस घरं थांबली. विवेक आमेन म्हणाला नाही. तबीथाने टेबलावरचा कागदी झेंडा उचलला, आईच्या पुढ्यात स्टुलावर फोनशेजारी ठेवला आणि ती तिथेच जमिनीवर बसून राहिली.